आरोग्याचा हक्क : कायदा आणि लोकांची देखरेख

प्रस्तावना

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागात ‘एचएसआर लेआउट’ नावाची मोठी वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. येथे संगणक कंपन्यांत काम करणारी कुटुंबे राहतात. त्यांच्या इमारती बांधणारे, त्यांच्या घरी धुणीभांडी करणारे आणि रात्री पहारा देणारे लोकही याच परिसरात पोट भरतात. त्यांपैकी कित्येकजण दूरच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेले असतात.

समजा, सोलापूरकडून आलेला एक गवंडी येथील परातीवरून पडला. सोबत्यांनी त्याला रिक्षात घालून जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. खिडकीवरील माणसाने सांगितले, “आधी अनामत रक्कम भरा.” सर्वांच्या खिशांत मिळून नऊशे रुपये निघाले. अशा वेळी बहुतेक लोक हात जोडतात, गयावया करतात, नाहीतर जखमी माणसाला घेऊन दुसऱ्या रुग्णालयाच्या शोधात निघतात. “उपचार मिळणे हा याचा हक्क आहे,” असे म्हणणारा त्या गर्दीत क्वचितच सापडतो.

वास्तविक कर्नाटकाचा कायदा त्या गवंड्याच्या बाजूचा आहे. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैशांसाठी उपचार अडवून धरू नयेत, असे तो स्पष्ट सांगतो. मग कायदा असूनही तो त्या खिडकीपर्यंत का पोचत नाही? आणि तो तेथवर पोचावा यासाठी काय करावे लागते? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात शोधणार आहोत.

हक्क म्हणजे काय?

विनंती आणि हक्क यांत मोठा फरक आहे. विनंती मान्य करणे वा न करणे हे समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्काचे तसे नसते. एकाला हक्क मिळतो तेव्हा दुसऱ्या कोणावर तरी कर्तव्य येऊन पडते. ते कर्तव्य पार पडले नाही, तर जाब विचारता येईल अशी जागा असावी लागते. म्हणून कोणत्याही हक्काबद्दल तीन प्रश्न विचारावेत : काय मिळाले पाहिजे? ते देण्याची जबाबदारी कोणाची? आणि ते मिळाले नाही तर दाद कोठे मागायची? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल, तर तो हक्क केवळ सदिच्छा ठरतो.

आरोग्याचा हक्क म्हणजे कधीही आजारी न पडण्याची हमी नव्हे. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही. आजारी पडल्यावर पैसा, जात, लिंग वा गाव यांमुळे उपचार नाकारले जाऊ नयेत, ही त्यातील पहिली अपेक्षा आहे. आपल्यावर कोणते उपचार होत आहेत आणि त्यांना किती खर्च येईल हे कळावे, आपल्या संमतीशिवाय शस्त्रक्रिया होऊ नये, आपले कागदपत्र आपल्याला मिळावेत, याही गोष्टी त्यात येतात.

राज्यघटना आणि न्यायालये

भारताच्या राज्यघटनेत ‘आरोग्याचा हक्क’ असे शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत नाहीत. पोषणाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा दर्जा उंचावणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे ४७ वा अनुच्छेद सांगतो. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असल्यामुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. २१ वा अनुच्छेद मात्र जीविताचे संरक्षण करणारा मूलभूत हक्क आहे. उपचारांवाचून जीव जात असेल, तर जीविताच्या हक्काला अर्थ काय उरला? हा प्रश्न घेऊन लोक न्यायालयात गेले. त्यांतील दोन खटले लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडविले. वाटेवरच्या एका माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी त्याला हात न लावता, पोलीस प्रकरणांसाठी नेमलेल्या सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे बोट दाखविले. तेथे पोचण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. ही बातमी वर्तमानपत्रात वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खाजगी. पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत, असा निर्णय न्यायालयाने १९८९ मध्ये दिला.

दुसरा खटला पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराचा. १९९२ मध्ये तो आगगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्याला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात असे फिरविण्यात आले. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. शेवटी खाजगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च झाले. त्याच्या शेतमजूर संघटनेने दाद मागितली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा २१ व्या अनुच्छेदाचा भंग आहे आणि पैशांची टंचाई हे कारण सांगून राज्याला आपली जबाबदारी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

दरम्यान १९९५ मध्ये, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असाही निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामुळे हलगर्जीपणाबद्दल ग्राहक मंचाकडे जाण्याचा मार्ग रुग्णांना मोकळा झाला.

हे निर्णय मोलाचे आहेत. तरीही एक गोष्ट उघड दिसते. पहिल्या खटल्यातील स्कूटरस्वार परत आला नाही आणि शेतमजुराला न्याय मिळायला चार वर्षे लागली. न्यायालय झालेल्या अन्यायाची दखल घेते. अन्याय होण्यापूर्वीच तो टळावा यासाठी रोजच्या व्यवहाराचे नियम आणि त्यांवर नजर ठेवणारी माणसे लागतात.

विधिमंडळांनी केलेले कायदे

आरोग्य हा प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यामुळे एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला तेथील कायदा लागू होतो. आपल्या गवंड्याला लागू होणारा कायदा म्हणजे ‘कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम’. तो २००७ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती करण्यात आली.

ही दुरुस्ती सहजासहजी झाली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरले होते. दुरुस्तीच्या मसुद्यातील शिक्षेच्या कडक तरतुदींना खाजगी डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांनी बेळगावात निदर्शने केली आणि राज्यभर बाह्यरुग्ण सेवा बंद ठेवल्या. आपल्याला गुन्हेगारासारखे वागविले जाईल आणि दर सरकार ठरवील, अशी डॉक्टरांना भीती वाटत होती. रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटनांचे म्हणणे होते, की दर उघड नाहीत आणि तक्रार ऐकणारे कोणी नाही, ही स्थिती बदललीच पाहिजे. अखेर काही तरतुदी सौम्य करून दुरुस्ती संमत झाली. दर दर्शनी भागी लावणे, रुग्णहक्कांची सनद पाळणे, थकलेल्या बिलापायी मृतदेह अडवून न ठेवणे आणि जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा स्तरावर तक्रार निवारण यंत्रणा असणे, या गोष्टी त्यातून कायद्यात आल्या. मघाच्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर येथे मिळाले.

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते. या कायद्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारण्यात आले. त्यांनुसार रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. त्याआधी २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेला १७ हक्कांच्या सनदेचा मसुदा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लोकांसमोर ठेवला होता. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आणि औषधे कोणत्या दुकानातून घ्यावीत हे स्वतः ठरविण्याचा हक्क त्यात नमूद आहे.

महाराष्ट्रातील आणखी एक तरतूद गरीब रुग्णांसाठी महत्त्वाची आहे. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना शासनाकडून अनेक सवलती मिळतात. त्यांच्या मोबदल्यात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. पण ‘धर्मादाय’ या शब्दामागे आपला हक्क आहे, हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या खाटेपर्यंत पोचणार कसा?

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. आरोग्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. तेथेही खाजगी डॉक्टरांनी संप केला. तातडीचे उपचार मोफत दिले तर त्यांचा खर्च कोण भरून देणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो गैरलागू म्हणता येणार नाही. हक्क देणाऱ्या कायद्यात पैशाची तजवीज स्पष्ट नसेल, तर रुग्ण आणि डॉक्टर एकमेकांसमोर उभे ठाकतात आणि ज्या शासनाने हक्क दिला ते बाजूला राहते.

देखरेखीची सुरुवात

कायदा झाला म्हणजे काम संपले, असे आपण पुष्कळदा समजतो. प्रत्यक्षात काम तेथून सुरू होते. दरपत्रक लागले आहे की नाही हे पाहणार कोण? आरोग्य केंद्रात औषध आहे की नाही हे तपासणार कोण? निरीक्षक वर्षातून एखाद्या वेळी येतो. रुग्ण मात्र रोज येतो. म्हणून ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांनीच तिच्यावर लक्ष ठेवावे, हा विचार पुढे आला.

देशभरच्या अनेक आरोग्य संघटनांनी २००० साली ‘जन स्वास्थ्य अभियान’ उभारले. महाराष्ट्रात ते ‘जन आरोग्य अभियान’ या नावाने ओळखले जाते. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने या अभियानाच्या सहकार्याने देशाच्या निरनिराळ्या विभागांत आरोग्यसेवेविषयी जनसुनवाया घेतल्या. जनसुनवाई म्हणजे लोकांनी आपले अनुभव अधिकाऱ्यांसमोर जाहीरपणे मांडण्याची आणि अधिकाऱ्यांनी तेथेच उत्तर देण्याची सभा. उपचार नाकारले गेलेली साधी माणसे तेथे बोलली आणि त्यांचे म्हणणे नोंदविले गेले.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान’ सुरू केले. त्याच्या आराखड्यात लोकांच्या देखरेखीला स्थान देण्यात आले. २००७ च्या सुमारास नऊ राज्यांत तिचा प्रयोग सुरू झाला. त्यांत कर्नाटक होते आणि महाराष्ट्रही होता. महाराष्ट्रात ही प्रक्रिया पुढे अनेक वर्षे चालली व वाढली, म्हणून तिची माहिती येथे थोडी विस्ताराने घेऊ.

महाराष्ट्रातील लोकाधारित देखरेख

आरंभी अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे पाच जिल्हे निवडण्यात आले. प्रत्येक जिल्ह्यातून तीन तालुके, प्रत्येक तालुक्यातून तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि प्रत्येक केंद्राची पाच गावे, अशी एकूण २२५ गावे झाली. राज्य पातळीवरील समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होते. पुढे इतर जिल्हेही यात आले.

या कामाची पद्धत सोपी होती. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा प्रत्येक पातळीवर समिती असे. तिच्यात लोकप्रतिनिधी, आरोग्य कर्मचारी आणि सामाजिक संघटनांचे कार्यकर्ते एकत्र बसत. गावातील स्त्री-पुरुषांशी चर्चा करून प्रश्नांची उत्तरे नोंदविली जात. आरोग्यसेविका ठरल्या दिवशी येते का? बालकांचे लसीकरण वेळेवर होते का? केंद्रात डॉक्टर भेटतात का? बाळंतपणासाठी पैसे मागितले जातात का? औषधांसाठी बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी दिली जाते का?

उत्तरांवरून गावाचे गुणपत्रक तयार होई. चांगल्या सेवेला हिरवा रंग, मध्यम सेवेला पिवळा आणि वाईट सेवेला लाल. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही आपल्या गावच्या आरोग्यसेवेची स्थिती एका दृष्टिक्षेपात कळे. शाळेत मुलांना गुण देतात हे सर्वांना ठाऊक होते. सरकारी सेवेला गावाने गुण देण्याचा अनुभव मात्र नवा होता.

त्यानंतर जनसुनवाई भरे. ज्या बाईकडून बाळंतपणासाठी पैसे घेतले गेले, ती गावासमोर आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमोर उभी राहून ते सांगे. एकट्याने कार्यालयात गेल्यावर जे बोलायला जीभ रेटत नाही, ते चारचौघांच्या आधाराने बोलता येते. अधिकाऱ्यालाही ‘बघू’ म्हणून सुटता येत नसे, कारण दिलेले आश्वासन सर्वांनी ऐकलेले असे आणि पुढच्या सभेत त्याचा हिशेब मागितला जाई. कित्येक ठिकाणी बाहेरच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, बेकायदा पैसे घेणे थांबले, बंद पडलेली उपकेंद्रे पुन्हा उघडली.

या प्रक्रियेतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रत्येक दोष कर्मचाऱ्याचा नसतो. सर्वसाधारण भागात सुमारे ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात सुमारे २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा नियम आहे. अशा केंद्रातील डॉक्टरचे पद रिकामे असेल किंवा औषधांचा पुरवठाच वरून होत नसेल, तर तेथील परिचारिका काय करणार? जनसुनवाईत अशा अडचणी आरोग्य कर्मचाऱ्यांनीही मांडल्या. लोक आणि प्रामाणिक कर्मचारी मिळून वरच्या कार्यालयाकडे मागणी करू लागले. देखरेखीचा हेतू दोषी शोधून शिक्षा करणे एवढाच नसतो. सेवा कोठे अडली आहे हे शोधून तो अडथळा दूर करणे हा तिचा खरा हेतू असतो.

मर्यादा आणि आव्हाने

या मार्गाच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. लोकाधारित देखरेख मुख्यतः सरकारी सेवेपुरती राहिली. आपल्याकडे बहुसंख्य लोक उपचारांसाठी खाजगी दवाखान्यांत जातात आणि तेथे लोकांच्या समित्यांना प्रवेश नाही. दुसरे असे, की ज्या शासनावर नजर ठेवावयाची, त्याच्याच निधीवर ही प्रक्रिया चालते. निधीला उशीर झाला की सभा लांबतात. तिसरी अडचण शहरांची आहे. गावात लोक एकमेकांना ओळखतात. एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत आज या इमारतीवर काम करणारा मजूर सहा महिन्यांनी दुसऱ्या टोकाला असतो. त्याने कोणत्या समितीत बसावे?

शहरांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले आणि वस्त्यांमधून ‘महिला आरोग्य समिती’ स्थापण्याची सोय झाली. कर्नाटकात २०२२-२३ मध्ये ‘नम्म क्लिनिक’, म्हणजे ‘आपला दवाखाना’, या नावाने शहरी दवाखाने उघडण्यात आले. दवाखाना ‘आपला’ ठरतो तो त्याच्या कारभाराबद्दल विचारणारे लोक असतील तेव्हा.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी प्रत्येकजण समितीचा सदस्य होईलच असे नाही. तरी पुढील गोष्टी कोणालाही करता येतील.

१. रुग्णालयात गेल्यावर दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद कोठे लावली आहे, हे पाहावे. दिसली नाही तर विचारावे.

२. प्रत्येक खर्चाचे सविस्तर बिल, तपासण्यांचे अहवाल आणि घरी सोडतानाचा कागद मागून घ्यावा व जपून ठेवावा. कागदाशिवाय केलेली तक्रार टिकत नाही.

३. तक्रार लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. आधी रुग्णालयाकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास जिल्ह्याच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत हलगर्जीपणा झाल्यास ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

४. सरकारी दवाखान्यातील औषधसाठा, रिक्त पदे वा निधीचा खर्च यांची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावे लागते. जीविताशी संबंधित माहिती असेल तर ४८ तासांत.

५. गावातील आरोग्य समितीच्या अथवा वस्तीतील महिला आरोग्य समितीच्या बैठकीला जावे. तेथे आपला प्रश्न मांडावा आणि शेजाऱ्याचाही ऐकावा.

समारोप

आता पुन्हा त्या खिडकीपाशी येऊ. गवंड्याच्या सोबत्यांपैकी एकाने जरी म्हटले, “तातडीच्या रुग्णाला पैशांसाठी थांबविता येत नाही, कायदा तसे सांगतो. आधी डॉक्टरांना बोलवा,” तर पुढचे सारे बदलू शकते. त्या एका वाक्यामागे पुष्कळांचे श्रम आहेत : वर्तमानपत्रातील बातमी वाचून न्यायालयात गेलेल्या माणसाचे, आपल्या सदस्यासाठी लढलेल्या शेतमजूर संघटनेचे, बेळगावच्या अधिवेशनातील वादविवादाचे, आणि गावच्या सभेत पदर सावरून उभ्या राहिलेल्या बाईच्या धैर्याचे. कायद्याने त्या वाक्याला बळ दिले आहे. ते उच्चारण्याची आणि ते पाळले जाते की नाही हे पाहत राहण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.

विचार करा आणि लिहा

१. विनंती आणि हक्क यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. शेतमजुराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या जबाबदारीविषयी काय सांगितले?

३. खाजगी डॉक्टरांनी कायद्यांना घेतलेल्या आक्षेपांपैकी कोणता तुम्हाला विचारात घेण्याजोगा वाटतो? का?

४. जनसुनवाईमुळे आरोग्य कर्मचाऱ्यांनाही मदत झाली, असे का म्हटले आहे?

५. जवळच्या सरकारी दवाखान्याला भेट द्या. तेथील सेवेला हिरवा, पिवळा की लाल, यांपैकी कोणता रंग द्याल ते ठरवा आणि त्याची तीन कारणे लिहा.